मदत हवी आहे: माझं ऑपरेशन आणि लेकीचा पाचवा वाढदिवस

पोटावर छेद देऊन गर्भाशय काढायचं ऑपरेशन ठरलंय. लेकीचा वाढदिवस त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. तारीख पुढे ढकलता येते का, हे डॉक्टरांना आधीच विचारलं. रक्तस्राव आणि हिमोग्लोबिन पाहता ते नको म्हणाले, आणि मलाही ते पटलंय. त्यामुळे कृपया तो पर्याय सुचवू नका.

तोवर मी घरी आलेली असेन. थोडं चालणं चालेल, पण साधारण 6 आठवडे जड काही उचलायचं नाही, म्हणजे तिलाही नाही. फार वेळ बसणंही जमेलच असं नाही. मदतीला नवरा आणि आई आहेत, कामाची अडचण नाही.

अडचण लेकीची आहे. वाढदिवस नंतर करू म्हटलं तर ती रडते, आणि आधी करू म्हटलं तर "तेव्हा मी पाच वर्षांची नसेन ना" म्हणते. बरोबरच आहे तिचं! शिवाय आनंद झाला की ती धावत येऊन पोटालाच मिठी मारते. पोटावर उशी धरून बसायचं ठरवलंय, पण त्या दिवशीच तिला दूर ठेवायचं माझ्या जिवावर येतं.

पोटाच्या ऑपरेशननंतर लहान मुलांना सांभाळलेल्यांनी सांगा: दुसऱ्या आठवड्यात घरात तिच्या दोन-तीन मैत्रिणी तासभर आल्या तर झेपतं का, की त्या दिवशी फक्त घरचेच बरे? आणि टाक्यांना धक्का न लागता तिला जवळ घ्यायला तुम्ही काय केलंत?