लेथचा रिले सारखा पडतोय. डायरेक्ट करायचा का?

वर्कशॉपवाला, उदगीर
लेथला तीन एचपीची थ्री फेज मोटार, साधा डीओएल स्टार्टर. सकाळी सुरळीत चालतो, दुपारी मोठा कट घेतला की थोड्या वेळात ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा) पडतो. वायरमन म्हणतो, रिले म्हातारा झालाय, तो काढून डायरेक्ट करून देतो. मला हे अजिबात पटत नाही. रिले पडतोय म्हणजे मोटार जास्त अँपिअर खातेय, ते का खातेय हे आधी बघायला पाहिजे. तुमचं मत सांगा.

फॅब्रिकेशनवाला, लातूर
डायरेक्ट करा अन् मोकळे व्हा. पेरणीच्या तोंडावर शेतकरी ट्रॉलीची तुटकी पिन घेऊन दारात बसलेला असतो. त्याला काय सांगायचं, थांब, मीटर लावून बघायलोय? माझा लेथ कैक वर्षं डायरेक्टच आहे. मोटार तापली की हाताला कळतंय.

रिवाइंडिंगवाला, जालना
हाताला कळेपर्यंत आत वार्निश करपलेलं असतं, भाऊ. माझ्याकडे येणाऱ्या मोटारी उघडून बघा. स्टार जोडणीची असेल तर दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या अन् तिसरी तशीच चकचकीत. असं दिसलं की समजायचं, चालू मोटारीचा एक फेज गेला होता. मोटार थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर कण्हत चालत राहते अन् करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. तेव्हा वाचवणारा रिलेच असतो, तोच तुम्ही काढून टाकता.

आणखी एक. चालत्या मोटारीवर नुसतं व्होल्टेज मोजून फसू नका. गेलेल्या फेजच्या टर्मिनललाही व्होल्टेज दिसतं, ते मोटारच तयार करते. तिन्ही वायरींवर क्लॅम्प मीटर लावा, तो वायर न तोडता अँपिअर दाखवतो. अँपिअर मोटारीच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या आकड्याच्या आत असूनही रिले पडत असेल तर रिले खराब, बदलून टाका. पण बदला, डायरेक्ट करू नका.

फॅब्रिकेशनवाला, लातूर
यांचा फक्त दुपारीच पडायलाय, हे कुणी बघितलं का? पंप चालू झाले की डीपीवर लोड येतो. 415 च्या जागी 350 व्होल्ट मिळाले तर मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने सत्तर टक्क्यांवर येतो. कट तोच ठेवला तर करंट वाढणारच. दोष लाईनचा, शिक्षा माझ्या धंद्याला?

आयटीआय निदेशक, नांदेड
व्होल्टेजचा मुद्दा खरा आहे, पण त्याला उपाय कट कमी करणं हा आहे. मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. काही जण रिलेवर थांबत नाहीत, स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटारीची लाईन जोडणारा स्विच) दाबून मध्ये काडी खोचतात. मग लाईट गेली की तो सोडणाऱ्या नोव्होल्ट कॉइलचा उपयोगच राहत नाही. लाईट जाते, माणूस जॉब पकडणाऱ्या चकला चावी लावून जॉब सोडवायला घेतो, लाईट येते आणि चक आपोआप फिरतो. ती चावी कुठे बसेल याचा नेम नसतो.

फॅब्रिकेशनवाला, लातूर
काडीचं मलाही मान्य नाही, ते कुणीच करू नये. रिलेबद्दल मात्र मत तेच.

वर्कशॉपवाला, उदगीर
क्लॅम्प मीटर लावला. कट चालू असताना 5.6, 5.4 आणि 4.4 अँपिअर. एक फेज मागे पडतोय. मग चालू लोडवर प्रत्येक किटकॅट फ्यूजच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजलं. दोघांत जवळपास शून्य, तिसऱ्यात नऊ व्होल्ट! मेन बंद करून काढला तर पितळेची पट्टी तपकिरी पडलेली आणि स्प्रिंगचा ताणच गेलेला. लोड नसताना मोजलं असतं तर तिन्ही फेज सारखेच दिसले असते. होल्डर नवा बसवला, आता तिन्ही फेज सारखे. दुपारी व्होल्टेज मात्र 375 च आहे, म्हणून कट अर्धा केला. रिले नेमप्लेटच्या अँपिअरवरच ठेवलाय.

फॅब्रिकेशनवाला, लातूर
म्हणजे एका कामाला दुप्पट वेळ. सीझनमध्ये परवडतं का?

वर्कशॉपवाला, उदगीर
परवडतं. मोटार जळून रिवाइंडिंगला गेली तर लेथ दोन-तीन दिवस झाकून ठेवावा लागतो, ते नाही परवडत.

रिवाइंडिंगवाला, जालना
सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटरही बसवून घ्या. फेज गेल्यावर रिले तापून पडायला वेळ लागतो, प्रिव्हेंटर काही सेकंदांत लाईन तोडतो.