मदत हवी आहे: पगच्या नाकावरची घडी कोरडी कशी ठेवता?

नमस्कार मंडळी. आमचा पग जातीचा कुत्रा, मोदक, वय ३ वर्षं, मुक्काम कोथरूड. पावसाळी हवेत त्याच्या नाकावरच्या घडीत सतत ओल राहते. आत तपकिरी चिकट मळ, कुबट वास आणि आता कातडीही लाल झालीय. साहेब दिवसभर तोंड सोफ्यावर घासत फिरतात.

डॉक्टरांनी टेपने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मॅलासेझिया नावाचं यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलंय म्हणाले. ते कुत्र्यांच्या कातडीवर एरवीही थोडंफार असतं, पण घडीत हवा लागत नाही, डोळ्यांचं पाणी झिरपत राहतं, मग तिथे फोफावतं. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे वाइप्स दिलेत. पुसून झालं की घडी पूर्ण कोरडी करायची.

अडचण इथेच आहे. घडी डोळ्याला अगदी खेटून. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होऊ शकते, आणि हे महाराज मान क्षणभर स्थिर ठेवतील तर शपथ! तुम्ही एकट्याने कसं जमवता? बोटाला वाइप गुंडाळून, की कापसाच्या काडीने? कोरडं करायला सुती कापड पुरतं का?

सासूबाई खोबरेल तेलावर ठाम आहेत, शेजारच्या काकू टाल्कम पावडरवर. मी दोन्हीला नकार दिलाय, त्यामुळे घरात सध्या जरा गारठाच आहे.

आणखी एक, घडी कमी करायची शस्त्रक्रिया कोणी केली आहे का? कोथरूड-कर्वेनगर भागात प्राण्यांच्या त्वचेचं खास बघणारे डॉक्टर माहीत असतील तर कृपया सांगा.