खिडकीभोवतीच्या क्रोम पट्ट्या काळ्या करायच्यात: घरी कराव्यात की दुकानात द्याव्यात?

मांद्रेकर | ६ जुलै

मंडळी, सल्ला हवा आहे.

माझी २०१८ ची पांढरी सेडान आहे. टॉप मॉडेल, त्यामुळे चारही दारांच्या काचांना खालून आणि वरून क्रोमची पट्टी. घेतली तेव्हा तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. पण घर मांद्र्याला, समुद्र चालत दहा मिनिटांवर, आणि गाडी कायम उघड्यावर. खाऱ्या वाऱ्याने खालच्या पट्टीवर आता मोहरीहून बारीक पांढुरके ठिपके उठलेत. क्रोम पॉलिशने वरची चिकट घाण निघाली, ठिपके तसेच राहिले. मागच्या डाव्या दारावर नख फिरवलं तर खरखर लागते.

म्हणून पट्ट्या काळ्या करून घ्याव्यात असं मनात आहे. पांढऱ्या गाडीला शोभतीलही. म्हापशात एकाने रॅपचे, म्हणजे पट्टीवर काळी चिकट फिल्म चढवून द्यायचे, साडेचार हजार सांगितले, पणजीत दुसऱ्याने सात. फिल्म मात्र हजार-बाराशेत येते आणि धाकट्या भावाकडे हीट गन आहे. चवथीला आमच्याकडे तीसेक माणसं जमतात, त्याआधी काम झालं तर बरं. कुणी स्वतः केलंय का? चार पैसे वाचण्यापेक्षा गाडी खराब होऊ नये याची मला जास्त काळजी आहे.

फोंडेकार | ६ जुलै

केलंय, खुशाल करा. मला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी केलेलं एक दार उपटून पुन्हा केलं. सरळ पट्टी सोपी आहे, मागच्या तिकोनी काचेचा कोपरा घाम काढतो.

फक्त फिल्म स्वस्तातली घेऊ नका. मी आधी साडेतीनशेची आणली होती. मे महिन्याच्या उन्हात ती आक्रसली आणि कडेने दोन मिलिमीटर क्रोम डोकावू लागलं. मग कास्ट फिल्म घेतली. तिला आता तीन वर्षं झाली, जागची हललेली नाही. दुकानदाराला 'कास्ट की कॅलेंडर्ड' असं सरळ विचारा. कॅलेंडर्ड फिल्म लाटून पातळ केलेली असते, ऊन लागलं की ती मूळ मापाकडे परत जायला बघते. कास्ट ओतून केलेली असते, तिच्यात तो ताण नसतो.

सांखळीची सई | ७ जुलै

मी दुकानात दिली होती, आणि पस्तावले. दुकानाचं नाव लिहीत नाही.

काम झालं त्या दिवशी गाडी सुंदर दिसत होती. चार महिन्यांनी धुताना दाराच्या चौकटीवर, पट्टीला अगदी लागून, केसासारखी सरळ रेघ दिसली. आधी वाटलं धूळ आहे. ओल्या कापडाने पुसली, गेली नाही. पुढच्या पावसात त्या रेघेतून तांबूस पाणी ओघळलं तेव्हा कळलं: कारागिराने फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली होती आणि ब्लेड रंगातून पत्र्यापर्यंत गेलं होतं. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रोनचा असतो, त्याला ब्लेडचा एक चुकार हात पुरतो. डेंटर-पेंटरकडे दोन दारं रंगवून घ्यावी लागली, रॅपच्या तिप्पट खर्च आला.

म्हणून घरी करा नाहीतर दुकानात द्या, पण कापणार कसं, हे आधी विचारा. 'नाइफलेस टेप वापरतो' असं म्हणाला तर बरं. त्या टेपमध्ये बारीक दोरा असतो. फिल्म वरून बसवायची आणि दोरा ओढायचा, फिल्म खालून कापली जाते, रंगाला ब्लेड लागतच नाही. किंवा पट्टी उतरवून टेबलावर काम करणारा बघा. 'आमचा हात बसलाय' हे उत्तर मिळालं तर गाडी परत घेऊन या.

कटर आणि कापड | ७ जुलै

मांद्रेकर दादा, मी मडगावला नऊ वर्षं रॅपचंच काम करतो. तरी मी तुम्हाला म्हणेन, तूर्त ना घरी करा ना दुकानात द्या. तुम्ही नखाची खरखर लिहिलीत, सगळं तिथेच आहे.

क्रोमचा थर एका मायक्रोनहूनही पातळ असतो. त्याच्याखाली निकेल असतं. मिठाचं पाणी क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून खाली उतरतं आणि निकेलला खातं, तो पांढुरका फोड वर येतो. पट्टी स्टीलची असली तरी मीठ तिलाही टोचतंच, खळगे पडतात. आता फिल्मचं बघा. थ्रीएमची २०८० घ्या नाहीतर एव्हरीची एसडब्ल्यू ९००, जाडी ८०-९० मायक्रोनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. ती ठिपका झाकत नाही, उठावदार करते. ग्लॉस काळ्यावर तर प्रत्येक ठिपका पुटकुळीसारखा चमकतो. शिवाय सैल झालेल्या क्रोमवर गोंद कितीही चांगला बसला तरी काय? क्रोमच खालून सुटणार आणि फिल्म घेऊन निघणार. माझ्याकडे किनाऱ्यावरच्या गाड्या येतात तेव्हा मी पहिलं नखच फिरवतो. खरखर लागली तर काम घेत नाही.

तुम्ही वेगळं करा. बऱ्याच मॉडेलांत टॉप व्हेरियंटला क्रोम आणि खालच्या व्हेरियंटला तीच पट्टी साध्या काळ्यात येते. साचा तोच, क्लिपा त्याच. तुमच्या कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवर आरसी दाखवा आणि खालच्या व्हेरियंटची 'डोअर आउटर वेदरस्ट्रिप' चार दारांची विचारा. मिळाली तर काळ्या पट्टीचा प्रश्न कंपनीच्या मालातच सुटला: सोलत नाही, आक्रसत नाही, वॉरंटीचं कागदपत्र नको.

दुसरं असं, की खालची पट्टी नुसती शोभेची नसते. तिच्या आतल्या कडेला रबराची जीभ असते, ती काच खाली जाताना पाणी आणि माती पुसते. सात पावसाळे झाले की ती कडक होते. काच उतरवताना करकर आवाज येतो का? काचेवर उभे बारीक ओरखडे दिसतात का? दिसत असतील तर पट्टी तशीही बदलायलाच झाली आहे. तिच्यावर फिल्मचे हजारो रुपये घालू नका.

वरच्या चौकटीची पट्टी गुळगुळीत असेल तर तेवढीच रॅप करा. ती घरी जमेल.

मांद्रेकर | १० जुलै

खूप आभार. काच उतरवली, करकर येतेच, आणि ड्रायव्हरच्या काचेवर ओरखडेही आहेत. इतके दिवस ते वायपरच्या कामासारखं काहीतरी समजून सोडून दिलं होतं. पर्वरीला काउंटरवर विचारलं. चारही दारांच्या खालच्या पट्ट्या काळ्या मिळतात, मागवाव्या लागतील. वरच्या मात्र क्रोममध्येच आहेत. त्यांच्यावर नख फिरवलं, गुळगुळीत आहेत. मागच्या तिकोनी काचेच्या चौकटीसकट.

मग वरच्या घरी करतो म्हणतो. पद्धत सांगाल का? आणि स्प्रे किंवा प्लास्टी डिप?

फोंडेकार | १० जुलै

प्लास्टी डिप मी मिररच्या टोप्यांवर मारून बघितलंय. रबरासारखा थर, नको झाला की सोलता येतो, पण सोलता यावा म्हणून चार-पाच हात जाड द्यावा लागतो. पट्टी बोटभर रुंद, दोन्हीकडे मास्किंग. टेप काढताना कड फाटते. आणि पेट्रोल सांडलं की विरघळतं. साधा स्प्रे तर नकोच, क्रोम घासून प्रायमर मारल्याशिवाय रंग धरत नाही, आणि एकदा घासलं की मागे फिरता येत नाही.

कटर आणि कापड | ११ जुलै

स्प्रेबद्दल फोंडेकारांशी सहमत.

चवथीची घाई सोडा, दादा. पट्टीच्या मागे रबर आणि फेल्टची खाच असते, पावसाळ्यात ती आठ-आठ दिवस ओली राहते. वरून तुम्ही कोरडं करता, हीट गन लावली की खाचेतली ओल बाहेर येते आणि कडेखाली शिरते. कड तिथूनच सुटते. दिवाळी झाल्यावर करा. खालच्या पट्ट्या मात्र पावसातही बदलता येतात, त्या चवथीआधी लावून घ्या. दाराच्या कडेला बहुधा एक स्क्रू असतो, तो काढून पट्टी प्लास्टिकच्या पान्याने टोकाकडून वर उचलत यायची. स्क्रूड्रायव्हर नको. पत्र्यावर आधी मास्किंग टेप लावा.

आता वरच्या पट्टीचं. कामाचा तीन चतुर्थांश भाग साफसफाईचा आहे. शॅम्पूने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर पुसण्याला कापडाची नवी घडी. डॅशबोर्ड-टायर चमकवायचे स्प्रे त्या आठवड्यात गाडीजवळ आणू नका, त्यात सिलिकॉन असतं आणि त्यावर कुठलीच फिल्म टिकत नाही. रबराची ओठासारखी कड उचलून तिच्याखाली कापड घाला, तिथे दडलेली तांबडी माती बघून तुम्ही चकित व्हाल. तिचा एक कण राहिला तरी फिल्मखाली टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. पंखा बंद, खाली जमिनीवर पाणी शिंपडा.

फिल्म पट्टीपेक्षा दोन्ही बाजूंनी सेंटीमीटरभर जास्त कापा, टेबलावर. मधून सुरुवात करून टोकांकडे जा. स्क्विजीला, म्हणजे फिल्म दाबत न्यायच्या सपाट पट्टीला, फेल्ट लावलेला हवा. ओढू नका, फक्त सरळ धरा. ओढलेली फिल्म उन्हात परत येते. जादा कड कापून टाकू नका, रबराच्या खाली दाबा, पातळ प्लास्टिकच्या पट्टीने. दारं उघडतात तिथे फिल्म दोन-तीन मिलिमीटर आत वळवा. शेवटी सगळ्या वळवलेल्या कडा हीट गनने ९० ते ९५ अंशांपर्यंत तापवा, इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. हे तापवणं बहुतेक लोक विसरतात आणि मग फिल्मला दोष देतात. दोन दिवस धुणं नाही. पुढेही प्रेशर वॉशरचं नोझल कडेपासून हातभर लांब.

ग्लॉस (चकचकीत) की सॅटिन (मंद चमकेचं) विचारलं नाहीत, तरी सांगतो: सॅटिन. तुमच्या नव्या खालच्या पट्ट्या रबराच्या काळ्या असणार, त्यांच्याशेजारी ग्लॉस वेगळा पडेल. थ्रीएममध्ये एस १२ हा सॅटिन काळ्याचा नंबर.

तिकोनी काचेचा कोपरा जमला तर ठीक, नाही तर तेवढाच कुणाकडून करून घ्या. तिथे फिल्म तीन दिशांना वळते.

डिचोलीकर | १२ जुलै

मधेच विचारतो, पोलिसांनी अडवलं तर? काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता ना?

सांखळीची सई | १२ जुलै

तो २०१२ चा निकाल काचांबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायला हवा. पट्टी म्हणजे काच नाही. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, अख्खी गाडी रॅप करून रंगच बदललात तर ती नोंद बदलावी लागते. पांढऱ्या गाडीची बोटभर पट्टी काळी केली म्हणून गाडी पांढरीच राहते. मी अशीच तीन वर्षं चालवतेय, मोपाच्या नाक्यावरसुद्धा कुणी विचारलं नाही.

मांद्रेकर | २३ नोव्हेंबर

उशिरा कळवतोय. खालच्या पट्ट्या चवथीच्या आदल्या आठवड्यात बदलल्या, मी आणि भावाने, चारही दारं दोन तासांत. एक क्लिप तुटली, ती वेगळी मिळाली. जुनी पट्टी उलटी केली तर आतून बारीक रेती गळली, आणि रबर नखाने मोडावं इतकं कडक होतं. आता काच आवाज न करता उतरते. पहिल्यांदा तशी उतरली तेव्हा आईने मागून विचारलं, काच बंद पडली काय रे?

वरच्या पट्ट्या गेल्या रविवारी केल्या, सॅटिनमध्ये. पहिलं दार तीन तास, शेवटचं पाऊण तास. चार सरळ पट्ट्या मनासारख्या झाल्या. डावा तिकोनी कोपरा झाला, पण जवळून बघितलं की एक सुरकुती दिसते. उजवा दोनदा करून काढून टाकला, तिसऱ्यांदा हात लावला नाही. फिल्म हातभर उरली आहे. कटर-कापड, ते दोन कोपरे तुम्ही कराल का? पुढच्या शनिवारी मडगावला येऊ शकतो.

कटर आणि कापड | २३ नोव्हेंबर

या. सकाळी नऊच्या आत, ऊन चढण्याआधी. गाडी आदल्या दिवशी धुऊन आणा, पॉलिश लावू नका. उरलेली फिल्म गुंडाळी करून आणा, घडी घालू नका, घडीची रेघ जात नाही. डावा कोपराही काढून नवा करू.