मदत हवी आहे: मोनेल के-500 चा शाफ्ट पिळला कसा?

खारेपाणी

नमस्कार मंडळी. धातूंशी रोजचा संबंध असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

समुद्राचं पाणी उपसणारा एक सेंट्रिफ्यूगल पंप माझ्या गळ्यात आहे. मूळ शाफ्ट एसएस 316 चा, सीलपाशी 50 मि.मी. जाडीचा. ग्लँड पॅकिंगखाली (गळती रोखायला शाफ्टभोवती दाबून भरतात ते) दरवेळी खड्डे पडायचे. बाकीचा शाफ्ट आरशासारखा लख्ख, आणि पॅकिंग उपसलं की खाली उंदराने कुरतडल्यासारखी रांग. तीन शाफ्ट असे गेल्यावर ठरवलं की आता मोनेल के-500 (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) घालायचा. पॅकिंग काढून मेकॅनिकल सील बसवायचं होतं आणि हाती असलेलं सील 42 मि.मी. चं होतं. के-500 ची ताकद 316 च्या तिप्पट असते असं वाचलं होतं, म्हणून बिनधास्त 42 वर उतरवला.

पाचव्या आठवड्यात दोरीचा तुकडा इंपेलरमध्ये अडकला, मोटर क्षणभर घुरघुरली आणि ट्रिप झाली. उघडून पाहतो तर शाफ्ट तुटलेला नाही, पण की-वे (चावी बसायची खाच) सरळ उरलेला नाही. जिलेबी नाही म्हणणार, पण पीळ नुसत्या डोळ्यांना दिसतो. की-वेची एक कड फुगून बाहेर आली आहे, नखाला लागते.

हार्डनेस घेतला तर एचआरबी (रॉकवेलची मऊ धातूंची मोजपट्टी) 86. पुरवठादार म्हणतो, 'माल अस्सल आहे, गनने (घटक मोजणाऱ्या एक्स-रे गनने) तपासून दिलाय.' त्याच्या कागदावर निकेल 65, तांबं 30 असं काहीतरी आहे. चुंबक चिकटत नाही. मग हा के-500 आहे की साधा मोनेल 400 माझ्या माथी मारलाय? आणि याच फ्लँजसाठी के-500 चेच बोल्ट मागवणार होतो, तेही थांबवू का?

जुना_फिटर

316 चं दुखणं ओळखीचं आहे. स्टेनलेसवरचा पातळ थर ऑक्सिजनवर जगतो. पॅकिंगखाली ऑक्सिजन पोचत नाही, क्लोराइड मात्र साचत राहतं. मोनेलकडे वळलात ते बरोबरच. तुमच्या शाफ्टबद्दल जाणकार बोलतील, मी वाचतोय.

लेथवाला

नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकून बघा. हिरवट-निळं झालं की त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि लोखंडी खिळा टेकवा. तांबं चढलं की मोनेल. हातमोजे आणि चष्मा घालून, अर्थातच.

उष्णोपचार

लेथवाले, चाचणी बरोबर आहे पण इथे निरुपयोगी. 400 आणि के-500 दोन्हीत तांबं 30 टक्क्यांच्या आसपास, दोन्ही तितकेच हिरवे होतील. निकेल-तांबं आहे एवढंच त्यातून कळतं, आणि ते तर पुरवठादाराने आधीच सांगितलंय.

खारेपाणी, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. हा मिश्रधातू कोणता, हा पहिला. तो कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा, आणि मला संशय या दुसऱ्याचा आहे.

400 म्हणजे निकेल आणि तांब्याचं साधं एकजीव मिश्रण. के-500 मध्ये त्याच पायावर 2.30 ते 3.15 टक्के ॲल्युमिनियम आणि 0.35 ते 0.85 टक्के टायटॅनियम घालतात. पण नुसतं घालून काही होत नाही. सुमारे 600 अंशांवर तासन्‌तास ठेवल्यावर निकेल, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मिळून अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. सगळी ताकद या कणांत आहे. ही प्रक्रिया म्हणजे एजिंग. (म्हातारपण येऊन ताकद वाढणारी ही एकच जात मला माहीत आहे.)

ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या), एजिंग न झालेल्या के-500 ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) साधारण 275 ते 415 मेगापास्कल, हार्डनेस एचआरबी 75 ते 90. तोच माल एजिंगनंतर 585 ते 830 मेगापास्कल, हार्डनेस एचआरसी (रॉकवेलचीच, पण कडक धातूंची मोजपट्टी) 24 ते 35. तुमचा 86 एचआरबी एजिंग झालेल्या के-500 चा असूच शकत नाही. मग उरतात दोन शक्यता: 400, किंवा कच्चा के-500. नुसत्या हार्डनेसवरून या दोघांत फरक करता येणार नाही.

तुम्ही वाचलेलं 'तिप्पट' एजिंग झालेल्या मालाबद्दल होतं. शिवाय पिळाला तोंड द्यायची ताकद व्यासाच्या घनावर जाते. 50 चा 42 केलात तेव्हाच 41 टक्के ताकद सोडून दिलीत.

खारेपाणी

41 टक्के! हा हिशोब मीच करायला हवा होता. पण चुंबकाचं काय? के-500 चुंबकाला दाद देत नाही आणि 400 देतो, असं ऐकलंय.

उष्णोपचार

अर्धं खरं. 400 चं क्युरी तापमान (ज्याच्यावर धातू चुंबकाला दाद देत नाही) 21 ते 49 अंशांच्या दरम्यान कुठेतरी पडतं, मालाच्या नेमक्या घटकांनुसार. म्हणजे तोच तुकडा थंडीत चिकटेल आणि उन्हात तापला की सोडून देईल. के-500 चं क्युरी तापमान उणे 100 च्याही खाली, म्हणून त्यावर चुंबकाचा रोजच्या व्यवहारात परिणाम नाही. तेल विहिरीच्या ड्रिल कॉलरमध्ये दिशा मोजणारी उपकरणं बसतात तिथे हा धातू वापरतात तो यामुळेच.

तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी लगेच, दव धरायच्या आत, दोऱ्याला टांगलेलं चुंबक जवळ न्या. ओढलं गेलं तर 400.

अणुरेणू

याच्या जोडीला आर्किमिडीज. 400 ची घनता 8.80, के-500 ची 8.44. ॲल्युमिनियम हलकं ना. तुकडा आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता. वजनातली घट म्हणजे आकारमान. काटा 0.1 ग्रॅमचा हवा, कारण साधारण 400 ग्रॅमच्या तुकड्यात हा सगळा खेळ दोन ग्रॅमचा आहे. हवेचे बुडबुडे बोटाने पुसून काढा, नाहीतर घनता खोटीच कमी येईल.

गनच्या रिपोर्टबद्दल: जुन्या गनना ॲल्युमिनियम दिसतच नाही, इतका हलका अणू आहे तो. टायटॅनियम मात्र दिसतं. त्या ओळीत काय आकडा आहे?

निकेलप्रेमी

अवांतर: ॲम्ब्रोज मोनेल हे निकेल कंपनीचे अध्यक्ष, त्यांच्या आडनावावरून हे नाव आलं. पेटंट 1906 चं. आडनाव ट्रेडमार्क करता येत नव्हतं म्हणून शेवटचा एक 'एल' गाळला. कॅनडातल्या सडबरीच्या खनिजात निकेल आणि तांबं साधारण ज्या प्रमाणात सापडत होतं, त्याच प्रमाणातून हा धातू निघाला.

लेथवाला

अवांतर आवडलं. धागाकर्त्याचा शाफ्ट मात्र अजून वाकडाच आहे. :)

खारेपाणी

काल रात्री तुकडा फ्रीझरमध्ये (घरातून बोलणी खाऊन). सकाळी चुंबक जागचं हललं नाही.

वजन हवेत 412.3 ग्रॅम, पाण्यातली घट 48.8. भागाकार 8.45. पहिल्यांदा 8.3 आलं होतं, तो बुडबुडाच निघाला. अणुरेणूंनी सांगितलं नसतं तर पुरवठादाराशी भांडायलाच गेलो असतो.

गनच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर टायटॅनियम 0.6. आणि टेस्ट सर्टिफिकेटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत: स्थिती, हॉट फिनिश्ड, ॲनील्ड.

म्हणजे माल अस्सल के-500. मी ऑर्डरमध्ये अवस्था लिहिलीच नव्हती, त्यांनी मऊ दिला. भांडायची सोय नाही. आता हाच शाफ्ट सरळ करून एजिंग करू का?

उष्णोपचार

नको. पिळलेल्या भागात धातूवर थंडपणी काम झालंय (न तापवता आकार बदललाय), तिथे हार्डनेस वेगळा येईल आणि भट्टीत ताण सुटून शाफ्ट पुन्हा वाकेल. त्याचे तुकडे चाचणीला वापरा.

नवा शाफ्ट मऊ बारमधून रफ करा, सगळीकडे ग्राइंडिंगपुरता माल शिल्लक ठेवा. मग 595 ते 605 अंशांवर 16 तास, त्यानंतर भट्टीतच तासाला 8 ते 14 अंश या चालीने 480 पर्यंत उतरवायचा, पुढे हवेत. ही सावकाश उतरणच लोक वाचवायला बघतात आणि मग हार्डनेस कमी आला म्हणून ओरडतात. एजिंगमध्ये धातू किंचित आकसतो, म्हणून फिनिश साइज नंतर.

भट्टीत जाण्याआधी कटिंग ऑइल, मार्करची शाई, ग्रीस, सगळं पुसून काढा. गंधक किंवा शिसं राहिलं तर तापल्यावर निकेलच्या कणांच्या सीमांत घुसतं आणि धातू ठिसूळ होतो. बोटाचा तेलकट ठसासुद्धा मी भट्टीत जाऊ देत नाही. लोक हसतात, हसू देत.

लेथवाला

मऊ के-500 चिकट असतो आणि टूल नुसतं घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होतो. धार ताजी ठेवा, फीड सोडू नका, मध्येच टूल थांबवू नका. की-वेच्या तळाच्या कोपऱ्याला रेडियस द्या. मागच्या वेळी काटकोन होता ना? फोटोत तसाच वाटतोय.

खारेपाणी

काटकोनच होता. :( आणि बोल्ट?

जुना_फिटर

आता मी बोलतो. फ्लँज पाण्याखाली आहे का? शेजारी झिंकचे ॲनोड आहेत का?

खारेपाणी

दोन्ही हो. ॲनोड फ्लँजपासून वीतभर अंतरावर.

जुना_फिटर

मग के-500 चे एजिंग केलेले बोल्ट अजिबात घालू नका. झिंक स्वतः झिजून बोल्टला गंजापासून वाचवतं खरं, पण त्या विद्युत क्रियेत बोल्टच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. तो आत मुरतो आणि ताणाखालचा कडक के-500 कणांच्या सीमांवरून फुटतो. कॅथोडिक संरक्षणाखालच्या समुद्रातल्या बोल्टांत ही बिघाडाची जुनी, नोंदलेली तऱ्हा आहे. बोल्टवर गंजाचा डाग नसतो, ताणही मर्यादेत असतो, आणि एक दिवस डोकं हातात येतं. अशा जागी 718 किंवा 725 (हेही निकेलचे मिश्रधातू) चे बोल्ट पाहतात. शाफ्टलाही तारतम्य हवं: तो ॲनोडशी विजेने जोडलेला राहणार असेल तर हार्डनेस 35 एचआरसीच्या वर जाऊ देऊ नका, शक्यतो बराच खाली ठेवा.

दुसरी गोष्ट, पंपाची केसिंग बिडाची असेल तर मोनेल शेजारी आल्यावर झिजणार ती. 1915 मध्ये अमेरिकेत 'सी कॉल' नावाची यॉट बांधली होती, अंग मोनेलचं, सांगाडा पोलादाचा. खाऱ्या पाण्यात दोघांची बॅटरी झाली आणि ती लवकरच मोडीत काढावी लागली.

आणि पंप बंद राहणार असेल तर गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. वाहत्या समुद्राच्या पाण्यात हा धातू उत्तम टिकतो, साचलेल्या पाण्यात शिंपले बसले की त्यांच्याखाली यालाही खड्डे पडतात.

खारेपाणी

केसिंग ब्राँझची आहे, तेवढी चिंता गेली.

शेवटचा अपडेट. जुन्या शाफ्टच्या न पिळलेल्या टोकाचा तुकडा भट्टीत घातला, 600 अंश, 16 तास, वर सांगितलेल्या चालीने उतरवला. हार्डनेस चार जागी घेतला: 28, 29, 29, 28 एचआरसी. नवा शाफ्ट रफ होऊन आलाय, सोमवारी भट्टीत जाईल. व्यास 42 च ठेवलाय. बोल्ट 725 चे.

ऑर्डरच्या नमुन्यात ही ओळ घातली आहे, काही सुटलं असेल तर सांगा: 'मोनेल के-500, यूएनएस एन05500, सोल्यूशन ॲनील्ड, एजिंग आमच्याकडे होईल, सर्टिफिकेटवर ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि पुरवठ्याची अवस्था पहिल्या पानावर हवी.'

लेथवाला

'ठळक अक्षरांत' राहिलं.