कुर्डीवर लघुपट: जोती सपाट दिसतात, वारा माइकवर येतो

रानवाट: साळावली धरणाखाली गेलेलं गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही आठवडे उघडं पडतं. मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला जुने गावकरी जमतात, तेव्हा १२ मिनिटांचा लघुपट करायचाय. चाचणीत घरांची जोती मातीत मिसळून गेली आणि बोलण्यावर वारा आला. मिररलेस, २४-७० लेन्स, एक कॉलर माइक आहे. काय बदलू?

चिरेबंदी: कुर्डी साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सावलीच पडत नाही, मग हातभर उंचीचं जोतं दिसणार कसं? सकाळी साडेआठच्या आत आणि साडेचारनंतर शूट करा. कॅमेरा गुडघ्याखाली, ऊन बाजूने. चिऱ्यांच्या कडा, वृंदावन, विहिरीचा काठ लगेच सुटे दिसू लागतात. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ १००, एफ ४ धरलं तर कडक उन्हात पाच स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा काळसर फिल्टर; दर स्टॉपला प्रकाश निम्मा) लागतो. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारायचं फिकट चित्रण) आयएसओ ८०० असेल तर आठ. व्हेरिएबल, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा, एनडी शेवटपर्यंत फिरवलात तर २४ एमएमवर आकाशात काळी फुली उमटते. फिक्स्डच घ्या.

नाद_सांगे: मुलाखती तिथे घेऊच नका! दुपारनंतर वारा वाढतो, आणि जोराचा झोत कॉलर माइकच्या पडद्यावर आदळला की आवाज तिथेच फुटतो. नंतर लो-कट (खालचे घुमणारे आवाज कापणारा फिल्टर) लावून तो परत येत नाही. लोकांचं पुनर्वसन वाडे आणि वालकिणी या गावांत झालंय. भर दुपारी, नाहीतरी शूट बंद असताना, त्यांच्या घरी बसा. पंखा, फ्रिज बंद, माइक छातीवर, हनुवटीच्या वीतभर खाली, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. नव्या घरातला आवाज जुन्या जोत्यावरच्या दृश्याखाली टाका. चौकटीत बोलणाऱ्या चेहऱ्यापेक्षा हे जास्त भिडतं. कुर्डीत मात्र प्रत्येक जागी मिनिटभर नुसता परिसराचा आवाज घ्या, माइकला केसाळ टोपी घालून. तो नसेल तर संकलनात प्रत्येक कट ऐकू येतो.

गाळपेर: पाण्याजवळचा भेगाळलेला गाळ वरून सुका, आत ओला असतो. ट्रायपॉडच्या पायांखाली फळीचे तुकडे ठेवा, नाहीतर लांब शॉटमध्ये चौकट हळूहळू कलते. धरणाचा परिसर आहे, तेव्हा ड्रोनआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघा आणि जलसंपदा खात्याला विचारा. परवानगी मिळाली तर संध्याकाळीच उडवा. लांब सावल्यांमुळे घरं आणि वाटा कुठे होत्या ते वरून वाचता येतं.