कोलमनचा 6.34 : अल्बुकर्कीच्या हवेचा किती, पायांचा किती?

ट्रॅकवेडा
मंडळी, एक वाद मिटवा. आमच्या ग्रुपवर अमेरिकेच्या इनडोअर नॅशनल्सवरून जाम जुंपलीये. 18 फेब्रुवारी 2018 ला अल्बुकर्कीत ख्रिश्चन कोलमन 60 मीटर 6.34 मध्ये पळाला, मॉरिस ग्रीनचा 6.39 चा वर्ल्ड रेकॉर्ड मोडला. एक मित्र म्हणतो ते शहर 1600 मीटर उंचीवर, हवा विरळ, म्हणजे रेकॉर्ड फुकटातला. मला पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. इनडोअरला वारा नसतोच ना, मग विरळ हवेने काय फरक पडतो?

सातारी_स्पाइक्स
वारा नसतो म्हणजे हवा नसते असं थोडंच आहे. माणूस सेकंदाला 11 मीटरच्या वर पळायला लागला की समोरची हवा त्यालाच कापत जावी लागते आणि तिथे ती समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्के पातळ. पण 60 मध्ये अर्धी रेस तर वेग पकडण्यातच जाते, त्यामुळे फायदा फार तर दोन-चार शतांश सेकंदांचा. आता बघ, दोनच आठवड्यांनी बर्मिंगहॅमला वर्ल्ड इनडोअरमध्ये हाच गडी 6.37 पळून जिंकला, आणि बर्मिंगहॅम काय डोंगरावर नाही. जानेवारीत क्लेमसनलाही 6.37 होता, पण तिथे फॉल्स स्टार्ट पकडणारे इलेक्ट्रॉनिक स्टार्टिंग ब्लॉक्स नव्हते म्हणून रेकॉर्ड धरला नाही. म्हणजे उंचीचे तीन शतांश वजा केले तरी तो ग्रीनच्या पुढेच. मित्राला सांग, फुकटात काही नाही, थोडं डिस्काउंट मिळालं एवढंच.

नगरचा_पोऱ्या
डिस्काउंट 😂 पण मग त्याच रेसमध्ये दुसरा आलेला रॉनी बेकर 6.40 पळाला त्याचं काय, त्याचा तर तो आयुष्यातला बेस्ट टाइम, तो पण हवेमुळेच का?

सातारी_स्पाइक्स
थोडा हवेमुळे, थोडा शेजारी कोलमन होता म्हणून. शेजारी असा माणूस असला की पाय आपोआप उचलतात.

लांबपल्ला
तुम्ही सगळे स्प्रिंटवाले, जरा आमचंही ऐका. त्याच हॉलमध्ये 3000 मीटरवाल्यांची वाट लागते कारण ऑक्सिजन कमी. म्हणून नॅशनल्स तिथे असली की लांबच्या रेसमध्ये कोणी टाइमच्या मागे लागत नाही, सगळे गठ्ठ्याने सावकाश फिरतात आणि शेवटच्या दोन लॅपला मारामारी, बघायला मजा येते पण टाइम दाखवायच्या लायकीचा नसतो. अमेरिकेत कॉलेजवाले उंचावरच्या ट्रॅकचे टाइम हिशोब करून बदलून घेतात ते उगाच नाही. बाकी इनडोअर म्हणजे 200 मीटरचा ट्रॅक, वळणावर कडा उचललेल्या, आतली लेन मिळाली की संपलं. याच भानगडीमुळे 2004 नंतर वर्ल्ड इनडोअरमधून 200 ची रेसच काढून टाकली.
आणि हो, तिथे 35 पौंडाचा वेट थ्रो असतो, हातोडा आत फेकता येत नाही म्हणून त्याचा जाडा भाऊ. एकदा व्हिडिओ बघाच.

पैठणकर
वाद मिटवायचा असेल तर 2024 काढा. परत अल्बुकर्की, परत नॅशनल्स, नोआ लाइल्स 6.43, कोलमन 6.44. दोन आठवड्यांनी ग्लासगोला वर्ल्ड इनडोअर, कोलमन 6.41, लाइल्स 6.44. खाली उतरल्यावर कोलमन फास्ट झाला! विरळ हवाच सगळं करत असती तर उलटं व्हायला पाहिजे होतं. आणि बॉब बीमनची 1968 ची मेक्सिको सिटीतली 8.90 मीटरची लांब उडी तर 2200 मीटरच्या वर, ती कोणी फुकटातली म्हणतं का?

ट्रॅकवेडा
हा ग्लासगोचा मुद्दा जबरी, तोच चिकटवतो ग्रुपवर. आपल्याकडे इनडोअरचं काय सीन आहे पण?

पैठणकर
भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियममध्ये इनडोअर ट्रॅक झालाय. एशियन इनडोअरला आपली पोरं चांगली करतात, 2024 ला तेहरानमध्ये ज्योती याराजीने 60 हर्डल्स 8.12 मध्ये जिंकली, तजिंदरपाल तूरने गोळा 19.72 मीटर फेकून गोल्ड घेतलं. बीडच्या अविनाश साबळेला मात्र तिथे काम नाही, स्टीपलचेस आत होतच नाही.

नगरचा_पोऱ्या
थांबा थांबा, तेहरान पण उंचावरच आहे ना? मग ज्योतीचे पण शतांश वजा करायचे का 🙄

लांबपल्ला
तिचे नको रे बाबा.