थोरला वाडा ग्रुप : गोलूचा हेडफोन अन् बंडूदादाच्या पट्ट्या

गोलू: बंडूदादा, हायेस काय लाइनवर? दिग्रसच्या बाजारातून वायरवाला नवीन हेडफोन आणला. बासच नाई त्यात, म्हणजे जाड आवाजच नाई. डब्यात गाणं कोंबल्यासारखं वाटते. इक्वलायझरचं अ‍ॅप टाकलं, जाड-बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त कराच्या पट्ट्या हायेत त्यात, सगळ्यात जाड आवाजाची ६० वाली पट्टी पार टोकाले नेली, तर आता फरफर करून राहिला. वापस करू काय?

बंडूदादा: वापस कायले करतं? कानात कसा बसवला त्याचा फोटो टाक पहिले.

गोलू: (फोटो)

बंडूदादा: अर्धा बाहीर हाये बे तो. रबर कोणतं लावलं?

गोलू: आलं तेच.

बंडूदादा: ते मधल्या मापाचं असते. पाकिटात लहान अन् मोठं अजून एकेक जोड असीन, पाह्य. मोठं लाव. दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर-मांगं ओढ अन् मंग बसव. अन् पट्ट्या साऱ्या शून्यावर आणजो.

शीलाकाकू: गोलू, ताट वाढेल हाये. जेवाले ये पहिले, मंग रबर लाव.

गोलू: दादा आला!! पट्ट्या शून्यावर असून बास आला!

बंडूदादा: येईनच नं. कान अन् रबराच्या मधात फट राहिली का खालचा आवाज पहिले निसटते. वरचा ऐकू येत राहते म्हणून आपल्याले वाटते हेडफोनच हलका निंघाला. तू फट तशीच ठेवून पट्टी वर ढकलून राहिला होता. त्यात हेडफोनच्या पडद्याले ताण, तुले फायदा काई नाई. मंडपात साउंड लावतो तं माह्याकडचे गिऱ्हाईक असेच. स्पीकरचा बॉक्स मांडतात मैदानाच्या मधात, अन् म्हणतात बंडू बास वाढव. भिताडाजवळ सरकवला तर न मांगता वाढते.

पिंकीताई पुणे: बंडूदादाचं बरोबर आहे. पण गोलू, इक्वलायझर टाकून देऊ नकोस. वेव्हलेट नावाचं अ‍ॅप बघ. त्यात ऑटोईक्यू म्हणून आहे. हजारो हेडफोनची मोजणी करून कुठल्या हेडफोनला कुठे किती कमी-जास्त करायचं ते आधीच काढून ठेवलंय. आपलं मॉडेल निवडायचं, झालं. माझा हेडफोन नुसता घुमायचा, आता गाणाऱ्याचा आवाज पुढे आला.

बंडूदादा: पिंके, त्याच्या हेडफोनवर मॉडेल तं छापेल पाहिजे. गोलू, काय नाव हाये?

गोलू: नावच नाई. 'सुपर बास' लिहेल हाये फक्त.

पिंकीताई पुणे: 😂😂 मग नाही सापडायचा. आणि दिसायला सारखा आहे म्हणून दुसऱ्याचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्यासाठी काढलेलं कमी-जास्त, लावू नकोस हं. एकाच कंपनीचे दोन हेडफोनसुद्धा सारखे वाजत नाहीत.

गोलू: पण ते फरफर कायची होती?

पिंकीताई पुणे: डिजिटल आवाजाला वर एक हद्द असते, ० डेसिबल. हल्लीची गाणी मुळातच त्या हद्दीला टेकलेली असतात. तू ६ डेसिबल चढवलेस की तिथली लाट दुप्पट उंच व्हायला बघते. वर जागाच नाही, मग शेंडे छाटले जातात, तीच फरफर. अ‍ॅपमध्ये प्रीअँप नावाचं, एकूण आवाज वर-खाली करायचं बटण असेल, सगळ्यात उंच पट्टी जितकी चढवलीस तितकं ते खाली घ्यायचं. पट्टी ६ वर, तर प्रीअँप उणे ६.

बंडूदादा: एवढं कायले? वाढवूच नोको. जे जास्त वाटते ते कमी कर. बास कमी वाटला का २३० अन् ९१० वाल्या पट्ट्या दोन-तीन डेसिबल खाली घे, अन् आवाज एक घर वाढव. बास आपसूक पुढं येते, अन् फरफर बी नाई. मिक्सरवर मी तसंच करतो. नवीन पोट्टे सारे नॉब उजवीकडं पिळतात अन् मंग माइक शिट्टी मारते.

पिंकीताई पुणे: दादा, तुझं-माझं म्हणणं एकच आहे.

बंडूदादा: एकच हाये, पण माह्यात गणित नाई लागत. 😄

छकुली: अ‍ॅपमध्ये रॉक, पॉप, जॅझ असं तयार असते ते लावलं तर?

बंडूदादा: लावून पाह्य. बहुतेकात दोन्ही टोकं वर अन् मधलं खाली. पहिल्या गाण्याले लय भारी वाटते, चौथ्याले डोस्कं दुखते. त्यायले तुह्या हेडफोनचं काय माहीत?

शीलाकाकू: तुमचं सारं होऊन राहिलं तं आबाजीचं बी पाहा बापा. मोझरीचे खंजेरीचे भजनं ऐकतात हेडफोन लावून. म्हणतात खंजेरी ऐकू येते, शब्द समजत नाई. मंग आवाज वाढवतात, एवढा का मले चुलीपाशी ऐकू येते.

बंडूदादा: काकू, आवाज वाढवून शब्द नाई यायचे. वय झालं का पहिले बारीक आवाज जातात, जाड आवाज तसेच राहतात. स, श, फ, त हे सारे बारीकात येतात. ते गेले का माणसाले बोलणं ऐकू येते पण समजत नाई. छकुली, आबाजीचा फोन घे. सेटिंगमध्ये 'साउंड'मध्ये इक्वलायझर असीन, त्यात पाच पट्ट्या दिसतीन : ६०, २३०, ९१०, ३६००, १४०००. ६० चांगली खाली घे, भजनात तिचं काई कामच नाई. २३० बी खाली. तठी गर्दी असते, पेटीचा भरणा, बुवाचा घोगरेपणा सारा तठीच. ९१० ले हात लावू नोको. ३६०० चार डेसिबल वर. शब्द तठीच समजतात. १४००० राहू दे.

छकुली: १४००० वर नको करू? बारीक आवाज गेले म्हणतं नं तू.

बंडूदादा: तेवढा बारीक आबाजीले आता ऐकूच येत नाई. साठीच्या पुढं बहुतेकायले नाई येत. अन् ते भजनं जुन्या टेपवरून उतरवेल हायेत, त्यात एवढ्या वर मुळात काई भरेलच नाई. पट्टी जे हाये तेच वाढवते, जे नाई ते कुठून आणीन? वाढवलं तं नुसती टेपची सूं-सूं वाढते.

छकुली: केलं. थांब, ऐकून राहिले.

छकुली: आबाजी म्हणतात शब्द लागले. पण खंजेरीचा घुमारा गेला, तो वापस दे.

बंडूदादा: 🙏 खरं बोलले. माह्यापेक्षा कान तयार हाये त्यायचा. २३० अर्ध्यावर आण.

छकुली: हाव. आता डोलून राहिले. आवाजाच्या बटनावर पहिले पंधरा घरं असत, आता नऊवर ऐकतात.

पिंकीताई पुणे: फार छान. पण काकू, एकदा यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, करून आणा. दोन्ही कान सारखे नसतील तर फोनमध्ये डावं-उजवं कमी-जास्त करता येतं, पण कुठला कान किती ते मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि नुसता मळ असला तरी असंच होतं.

शीलाकाकू: वेचणी आटोपली का नेतो. मजूर मिळून नाई राहिले सध्या.

मोठे बाबा: गोलू. रात्री जागलीले जातो तवा ते दोन्ही कानात घालून बसतो काय. परवा रोही तुरीत शिरले तवा तुले पत्ता नाई. शेजारचा रामा धुऱ्यावरून ओरडला तवा तू उठला. रानडुकरं येतात तठी. हे पट्ट्या-बिट्ट्या घरी.

गोलू: मोठे बाबा, परवापासून एकाच कानात घालतो. दुसरा मोकळा ठेवतो.

मोठे बाबा: तो बी कायले पायजे.

गोलू: रात्री बारा ते पहाटे जागं राहाचं, काई तं पायजे नं. पण एका कानात घातलं का अर्धंच गाणं येते. जुन्या गाण्यात तं कधी नुसता तबला, गाणारा दुसऱ्याच कानात.

पिंकीताई पुणे: त्याला इक्वलायझर नको. सेटिंग, अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात ऐकण्याच्या भागात 'मोनो ऑडिओ' चालू कर. डावं-उजवं मिसळून पूर्ण गाणं एकाच कानात येतं. घरी आलास की बंद कर, नाहीतर दोन्ही कानांत तेच वाजेल.

बंडूदादा: हे मले बी नोतं माहीत. फोनमध्ये मोनोचं बटन हाये म्हणून. आमच्या मंडपात तं सारंच मोनो असते, अर्ध्या लोकायले डावं अन् अर्ध्यायले उजवं थोडी ऐकवता येते.

गोलू: झालं! पूर्ण गाणं आलं. अन् आता वावरात मोठं रबर नाई लावत, लहान लावतो म्हणजे बाहीरचं बी ऐकू येते. बास गेला तं गेला.

मोठे बाबा: हे शहाणपणाचं बोलला. बॅटरी चार्ज करून नेजो.

मधुकाका: मुलांनो मला एक सांगा. अमोलचा फोन आला की आवाज दबलेला येतो. कानाला लावला तरी तसाच आणि ब्लूटूथ घातलं तरी तसाच. हे अ‍ॅप टाकू का मी पण?

पिंकीताई पुणे: काका, इक्वलायझर अ‍ॅप कॉलला लागतच नाही, फक्त गाणी-व्हिडिओला लागतं. आणि ब्लूटूथवर कॉल सुरू झाला की हेडसेट गाण्याचा मार्ग सोडून बोलण्याच्या मार्गावर जातो. तिथला आवाज एकाच चॅनलचा आणि मुळातच पातळ. गाणं छान वाजतं आणि कॉल खराब येतो ते त्यामुळे.

मधुकाका: बरं. पण कानाला लावला तेव्हा?

बंडूदादा: काकाजी, फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवता नं तुम्ही? वेचणीच्या दिवसात त्या खिशात काय काय असते? वरच्या बारीक जाळीचा फोटो टाका.

मधुकाका: (फोटो)

बंडूदादा: हे पाहा. कापसाचे तंतू अन् धूळ, जाळी बुजून गेली. जुना मऊ ब्रश घ्या दाताचा, कोरडा. फोन उलटा धरा, जाळी खाली, अन् हलके हात फिरवा. सुई घालू नोका, फुंक बी मारू नोका, ओल जाते आत.

मधुकाका: करतो.

गोलू: दादा, माह्यं अ‍ॅप आपोआप बंद पडते. स्क्रीन बंद केली का थोड्या वेळानं बास जाते.

पिंकीताई पुणे: फोनच बंद करतोय त्याला, बॅटरी वाचवायला. काही कंपन्यांच्या फोनमध्ये फार होतं हे. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचं बंधन काढ. आणि फोनच्या सेटिंगमधलं आवाज सुधारायचं डॉल्बी, गाण्याच्या अ‍ॅपमधला इक्वलायझर आणि हे अ‍ॅप, तिन्ही एकदम चालू ठेवलंयस का?

गोलू: हाव.

पिंकीताई पुणे: एकच ठेव. तिघं मिळून एकाच आवाजावर काम करतात, कोण काय करतंय कळत नाही.

छकुली: ताई मी व्हॉल्यूम बूस्टर टाकलं आहे, २०० टक्के वाला.

पिंकीताई पुणे: काढ ते!! आत्ता.

बंडूदादा: काहून टाकलं बे? तुह्या फोनचा आवाज अंगणात ऐकू येते तसाच.

छकुली: मैत्रिणीनं सांगितलं.

पिंकीताई पुणे: छकुली, परवानग्या बघ त्याच्या. कॉन्टॅक्ट, लोकेशन मागितलंय का? आवाज कमी-जास्त करायला तुझ्या मैत्रिणींचे नंबर कशाला लागतात? आणि कानाचं बघ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक. ९० ला गेलीस की आठवड्याला ४ तासच. दहाच डेसिबल वाढले आणि वेळ दहा पटीनं कमी झाला. इक्वलायझरनं बास चढवलास तरी एकूण आवाज वाढतोच, तो पण यात धर.

छकुली: काढलं. 😐 कॉन्टॅक्ट मागत होतं खरंच.

जावईबापू नागपूर: नमस्कार सगळ्यांना. माझ्या आयफोनवर वेव्हलेट दिसत नाही, दुसरं कुठलं आहे का?

पिंकीताई पुणे: नमस्कार भाऊजी. आयफोनवर एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या आवाजात हात घालता येत नाही, म्हणून फोनमधल्या सगळ्या आवाजांना लागणारं असं अ‍ॅप तिथे मिळत नाही. सेटिंगमध्ये म्युझिकखाली ईक्यू, म्हणजे इक्वलायझर, आहे, पण ते अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपपुरतं. स्पॉटिफायचं त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये वेगळं आहे. एअरपॉड्स असतील तर अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'हेडफोन अकॉमोडेशन्स' बघा, ते कॉललासुद्धा लावता येतं.

जावईबापू नागपूर: धन्यवाद. बघतो.

मधुकाका: ब्रश फिरवला. अमोलला फोन लावला. आवाज खणखणीत. तो म्हणाला बाबा ओरडता कशाला.

शीलाकाकू: 😂😂

बंडूदादा: आता गोलूभाऊ, माह्यी फी. काकड्याची समाप्ती हाये मंदिरात, बॉक्स ट्रॅक्टरवरून उतरवाचे हायेत. पहाटे चारले येजो.

गोलू: जागलीवरून सरळ येतो. चहा ठेवजो फक्त.

मोठे बाबा: बॉक्स भिताडाजवळच ठेवा अन् आवाज कमी. मागच्या साली मावशीबाईची गाय दावं तोडून पळाली होती.